पडीक जागा आणि तिचे मालक : मुंबईच्या कोटातील काही लहान मोकळ्या जागांचा इतिहास

'पडीक' हा शब्द महसुली दप्तराच्या ओळखीचा आहे. जी जमीन कसली जात नाही, जिच्यातून सारा येत नाही, ती पडीक. तिच्यावर गुरे चरत असतील, कुणी तिच्यातून सरपण गोळा करीत असेल, वाटसरूंनी तिच्यातून पायवाट पाडलेली असेल. दप्तरात तिची नोंद पडीक अशीच होते. शहराच्या मध्यवस्तीतील लहानसहान मोकळ्या जागांना आपण 'उपेक्षित', 'दुर्लक्षित', 'ओसाड' अशी जी विशेषणे लावतो, ती या महसुली शब्दाचीच नागर भावंडे आहेत असे आम्हांस वाटते. जागा उपेक्षित आहे असे म्हणताना ती कोणी उपेक्षिली, हे त्या विशेषणात सांगितलेले नसते. तिथे रोज कोण बसते, कोण झोपते, कोण काय विकते, हेही नसते.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित करण्याचे कारण असे की, जुन्या शहरांच्या गाभ्यातील अशा जागा 'सुधारण्या'चे प्रकल्प आता सर्वत्र हाती घेतले जात आहेत, आणि त्यांचे स्वागतही होते आहे. ते व्हावयासही हवे. पण सुधारणा ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या कोटात, म्हणजे ज्याला आपण फोर्ट म्हणतो त्या भागात, ती गेली दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तिच्या इतिहासातील चारपाच जागा एकापुढे एक ठेवून पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. जागेचा वापर काढून घेतला की ती उपेक्षित होते. आणि सुधारणा म्हणजे तिथे यापुढे कोणाचा वापर मोजायचा, याचा निर्णय. हा निर्णय क्वचितच उघडपणे घेतला जातो, म्हणून तो वाचावा लागतो.

पहिली जागा टाउन हॉलसमोरची. आज तिथे हॉर्निमन सर्कल नावाची वर्तुळाकार बाग आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ती 'बॉम्बे ग्रीन' होती, आणि तिथे कापसाचा व्यापार चाले म्हणून 'कॉटन ग्रीन'ही होती. गासड्यांची थप्पी, गाड्या, बैल, दलाल, हमाल यांनी ती भरलेली असे. १८४४ मध्ये कापसाचा हा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला. एका बाजूला १७१८ चे सेंट थॉमस चर्च, दुसऱ्या बाजूला १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, आणि या दोन भारदस्त इमारतींच्या मध्ये धूळ आणि कचऱ्याचे मैदान, अशी तिची पुढली अवस्था झाली. ही उपेक्षा आपोआप आलेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. जागेचे जे मुख्य काम होते ते दुसरीकडे नेण्यात आले आणि त्याच्या बदल्यात तिला दुसरे काम देण्यात आले नाही.

तरीही ती रिकामी नव्हती. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांच्या झाडांखाली शेअरदलाल जमत, आणि मुंबई शेअरबाजाराचा उगम तिथेच सांगितला जातो. दलालांच्या संघटनेला १८७५ मध्ये रीतसर रूप आले, तेव्हा मंडळी आजच्या दलाल स्ट्रीटवर स्थिरावत होती. देशातील भांडवलाच्या एवढ्या मोठ्या घडामोडीचा आरंभ एका 'पडीक' मैदानातील झाडाच्या सावलीत झाला, हा योगायोग नव्हे. भाडे लागत नाही, परवाना लागत नाही, कोणीही येऊन उभा राहू शकतो, अशी जागा नव्या व्यवहाराला लागतेच. मराठी गावगाड्यात 'पार' जे काम करतो तेच काम येथे या वडांनी केले. पाराचे गुण आणि पाराचे दोष या दोहोंकडे आम्ही पुढे येणार आहोत.

या मैदानाभोवती इमारतींचे वर्तुळ उभारावे ही कल्पना चार्ल्स फॉर्जेट यांची. १८५७ मध्ये मुंबईच्या पोलिसांची सूत्रे ज्यांच्या हाती होती तेच हे फॉर्जेट. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांनी या कल्पनेला पाठबळ दिले. पालिकेने जागा घेतली, तिचे भूखंड पाडले आणि ते नफ्याने विकले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नव्हती. कमानींच्या एकसारख्या दर्शनी बाजू असलेल्या इमारती उभ्या राहिल्या, मधल्या वर्तुळात बाग आखण्यात आली आणि १८७२ पर्यंत ती पुरी झाली. तिला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव पडले. शहरात एकाच आराखड्याने घडवलेल्या जागांपैकी ही एक सर्वांत देखणी जागा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सुधारणेचा खर्च सुधारणेनेच भरून काढावा, हे आजच्या प्रकल्पांचे सूत्रही तिथे पहिल्यांदा यशस्वी झालेले दिसते. परंतु या सूत्राची एक अट असते: मोकळ्या जागेच्या कडा विकल्याशिवाय मध्य सुधारत नाही. पूर्वी मैदानाचा उपयोग त्यात शिरणाऱ्या कोणालाही होता. आता त्याची शोभा प्रथम त्याच्याभोवतीच्या मालमत्तेची शोभा झाली.

या बदलाच्या ऐन मध्यावर मराठीत एक पुस्तक आले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा कोटाच्या तटबंदीचे दिवस भरलेले होते; फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ती पाडण्यात आली. मूळचे गोव्याकडील असलेल्या माडगांवकरांनी शहराचे हे मराठीतील पहिले विस्तृत वर्णन लिहिले. पुढे १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. या दोन पुस्तकांमध्ये सव्वीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात तटबंदीचे शहर चौकांचे शहर झाले. नगररचनेच्या इतिहासासाठी आपण नकाशे आणि सरकारी अहवाल यांच्याकडे धावतो. पण शहर पायी हिंडणाऱ्यास कसे दिसत होते, याची साक्ष मराठी गद्याच्या या आरंभीच्या ग्रंथांत शोधावी लागते. त्यांना 'माहितीपर' म्हणून वाङ्मयेतिहासाच्या कोपऱ्यात बसवणे हीही एक उपेक्षाच होय.

तटबंदी गेली तिथे जे चौक निर्माण झाले, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फ्लोरा फाउंटन. जुन्या चर्चगेट वेशीच्या ठिकाणी हे कारंजे १८६० च्या दशकात बसवण्यात आले. ते मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी योजलेले होते. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुविशारदाचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडातील पोर्टलंडचा आणि खर्चाचा मोठा वाटा कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांच्या देणगीचा. फुलांची रोमन देवता मुंबईच्या उन्हात वेशीच्या जागी उभी राहिली. पण या जागेला 'चौक' हा अर्थ कारंज्याने दिला असे म्हणता येत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी येथे जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि त्या दिवशी पंधरा जणांचे प्राण गेले. त्या लढ्यात सांडलेल्या रक्ताने या जागेला 'हुतात्मा चौक' हे नाव दिले. कारंजे आजही आहे. त्याच्या जीर्णोद्धारानंतर जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा वाहते झाले. शेजारी मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक आहे. एकच जागा, दोन स्मारके आणि दोन नावे. सुशोभनासाठी केलेली जागा लोक आपल्या प्रयोजनासाठी घेतात, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते, याचे याहून कठोर उदाहरण मुंबईत नाही.

'सार्वजनिक' हा शब्द येथे जरा थांबून पाहू. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. जोतीराव फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात सार्वजनिक गणेशोत्सव रूढ झाला. तिन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी त्यातील 'सर्व' सारखे नाहीत. कोणते 'सर्व', याची कसोटी महाराष्ट्रात लागली ती पाण्यावर. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. आणि तो कागदावरच राहतो असे दिसल्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पाराचे दोष म्हणालो ते हेच. गावच्या पारावर कोणी बसायचे आणि कोणी दूर उभे राहायचे, हे ठरलेले होते. जुन्या जागांविषयीच्या हळहळीत हा भाग विसरला तर ती हळहळ खोटी ठरते.

हा संदर्भ मनात ठेवून कोटातील पाण्याच्या जागा पाहाव्यात. क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. भिखाजी बेहरामजी पांडे यांनी ती १७२५ मध्ये खणवली. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोड लागले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि विहिरींची गरज हळूहळू ओसरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मलेरियाची मोठी साथ आली. विहिरींतून डास पैदा होतात असे दिसून आल्यावर पालिकेने त्या बुजवण्याचा किंवा झाकण्याचा आग्रह धरला. धर्मविधीसाठी विहिरीचेच पाणी लागते, या कारणाने पारशी व इतर समाजांकडून त्याला विरोधही झाला. कोटातील बहुतेक विहिरी गेल्या, भिखा बेहराम राहिली. कारण तिला रोज येणारे लोक होते. २०२५ मध्ये तिला तीनशे वर्षे पूर्ण झाली. मात्र तिच्या आवारात आज प्रवेश पारशांनाच आहे. वापराने जागा टिकवली, पण तो वापर एका समाजापुरता आवळून. आरोग्य, श्रद्धा आणि सार्वजनिकता या तिन्ही बाजू येथे आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि म्हणूनच 'सुधारणा' हा सोपा शब्द नव्हे.

विहिरींपाठोपाठ आल्या त्या पाणपोया, मुंबईच्या बोलीत 'प्याऊ'. कापसाचे व्यापारी रतनसी मुळजी जेठा यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ मिंट रोडवर बांधवलेला प्याऊ १८९० च्या दशकातला. त्याचा आराखडा केला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी, म्हणजे ज्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस उभारले त्यांनीच. एका पाणपोईसाठी शहरातील अग्रगण्य वास्तुविशारद नेमावा असे वाटणे, यात त्या काळच्या दातृत्वाची एक चांगली बाजू दिसते. हमाल, गाडीवान आणि बैल यांची तहान हा मोठ्या वास्तुविशारदाचा विषय होऊ शकत होता. पुढे बैलगाड्या गेल्या, घरोघर नळ आले आणि शहरभरचे प्याऊ कोरडे पडले. कोणी त्यांना टपरीची भिंत केले, कोणी कचराकुंडी. गेल्या काही वर्षांत यांतील काहींचा जीर्णोद्धार झाला. जेठा यांचा प्याऊही २०१७ च्या सुमारास स्वच्छ, देखणा झाला. अशा कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण पाणपोईची पूर्ण दुरुस्ती म्हणजे तिचे पाणी; दगड धुणे हा तिचा पूर्वार्ध. टपाल पोचवणारे, ओझी वाहणारे, पहाऱ्यावरचे, रस्त्यावर विक्री करणारे असे उन्हात दिवस काढणारे लोक कोटात आजही आहेत. बैल गेले असले तरी तहान गेलेली नाही.

प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने 'सुधारणा' हा शब्द सरकारी केला. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्याच काळातील एक लहान नियम आम्हांस अधिक उपयोगी वाटतो. हॉर्नबी रोडवरील, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींना तळमजल्यावर कमानींचा सलग मार्ग ठेवण्याचे बंधन १८९६ च्या सुमारास घालण्यात आले. जमीन मालकाची, सावली सर्वांची. मुंबईच्या पावसाळ्यात आणि वैशाखात या सावलीचे मोल काय, हे तिथून चालत गेलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. साहजिकच या कमानींखाली फेरीवाले आले. हुतात्मा चौकाच्या आसपासच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसत, आणि मराठीतील कितीतरी वाचकांच्या घरी जागतिक साहित्य पोचले ते त्या पदपथांवरून. या शतकाच्या आरंभी महापालिकेच्या कारवाईत त्यांतील अनेकांचे बस्तान उठले. पदपथ मोकळा झाला. परंतु ज्या कारणासाठी माणसे त्या पदपथावर रेंगाळत, ते कारणही त्याबरोबर गेले. चालणाऱ्याचा हक्क आणि विकणाऱ्याचा हक्क यांत तडजोड काढावी लागते, हे फेरीवाल्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानेही मान्य केले आहे. तडजोडीऐवजी सरसकट 'मोकळे' करणे हा पडीक शब्दाचाच उलटा प्रकार होय: आधी वापर दिसत नाही म्हणून पडीक, मग वापर दिसतो म्हणून अतिक्रमण.

या सगळ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके स्थळ म्हणजे काळा घोडा. आल्बर्ट ससून यांनी दिलेला, प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवे एडवर्ड) अश्वारूढ पुतळा येथे १८७९ मध्ये बसवण्यात आला. लोकांनी राजपुत्राला वगळून जागेला घोड्याचे नाव दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे हलवला गेला. घोडा गेला तरी नाव राहिले. मागे उरला मोटारी लावण्याचा एक तळ आणि एक त्रिकोणी वाहतूक बेट. नकाशाच्या भाषेत ही उरलेली जागा. या उरलेल्या जागेकडे समोरच्या वेसाइड इन या उपाहारगृहातून वर्षानुवर्षे पाहत राहिले अरुण कोलटकर. 'काळा घोडा पोएम्स' हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रास प्रकाशनाने काढला. त्या संग्रहात कुत्रे, कावळे, कचरा वेचणाऱ्या बाया, रस्त्यावर नाश्ता करणारे, उघड्यावर अंघोळ घालणारे असे जे जग दिसते, ते याच बेटावरचे आणि त्याच्या आजूबाजूचे आहे. दप्तराला जे रिकामे दिसले ते कवीला खचाखच भरलेले दिसले. त्या जगण्याचा कवी गौरव करीत नाही आणि त्याची कीवही करीत नाही. तो ते मोजतो, आणि नगररचनेच्या अहवालात नेमकी हीच मोजणी राहून जाते.

येथे १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरू लागला. त्याच्यामागील संस्थेने परिसरातील पदपथ, वास्तू आणि फलक यांच्या देखभालीत लक्ष घातले, आणि १९९५ च्या वारसा-नियमावलीने मिळालेल्या संरक्षणाला त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराविना. स्वार काढून घोडा ठेवण्यात लोकांनी दिलेल्या नावाचा मान आहे, आणि ही निवड आम्हांस मार्मिक वाटते. महोत्सवाने परिसराला प्रेक्षक दिले, हेही खरे. मात्र महोत्सव काही दिवसांचा आणि बेट बारमाही. त्या काही दिवसांसाठी जे दूर केले जातात ते कोण, आणि उरलेले वर्षभर जागा कोणाच्या सोयीने चालते, यावर त्या सुधारणेचे अंतिम मोल ठरेल.

विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कमधील अशाच लहान जागांचे चित्रीकरण करून १९८० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ते वरकरणी बाळबोध आहेत: बसायला जागा असेल तिथे लोक बसतात, लोक असतात तिथे आणखी लोक येतात, आणि 'नको असलेल्या' माणसांना हाकलण्यासाठी काटे-कुंपणे लावली की बाकीचेही निघून जातात. मुंबईकराला हे न्यूयॉर्कहून शिकण्याची गरज नव्हती. टाउन हॉलच्या पायऱ्या हा त्याचा पुरावा आहे. त्या बसण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. पण कोणी कोणाला तिथून उठवले नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी, कारकून आणि प्रेमिक तिथे बसत आले.

या इतिहासातून आम्ही काढतो तो बोध थोडक्यात असा. कोणत्याही लहान जागेच्या सुधारणेपूर्वी तिचा आराखडा काढतात. त्याआधी तिची दिनचर्या लिहावी. पहाटे तिथे कोण असते, दुपारच्या उन्हात कोण, रात्री कोण, आणि पाऊस आल्यावर कोण आडोशाला येते. कापसाच्या मैदानात वडाखाली दलाल होते, चौकात निदर्शक होते, कमानीखाली पुस्तके होती, बेटावर नाश्ता चालू होता. यांतील काही वापर राहू द्यावेत, काही बदलावेत, काही निश्चितच थांबवावेत. पण हा निर्णय नावानिशी आणि उघडपणे व्हावा. तसा तो होण्यासाठी जागा वाचता येणारी माणसे लागतात. वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थी-अध्यापकांनी हे काम केवळ वास्तुविशारदांवर आणि पालिकेवर सोडावे, असे आम्हांस वाटत नाही.